मिस्टरचं जॅकेट आणि नागपंचमी

माझी धाकटी नणंद पुण्यात सगळ्यांना सांगते, "वहिनी ऑस्ट्रेलियात स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये होत्या." थोरली खरं बोलण्याबद्दल प्रसिद्ध आहे, म्हणून तिच्याकडे कुणी फारसं जात नाही. ती म्हणते, "वैजू तिकडे फुटबॉलवाल्यांची धुणी धुवायची." दोघींचंही बरोबर आहे. मेलबर्नच्या एका फुटबॉल क्लबात मी किट मॅनेजर होते. आता रिटायर झालेय, तेव्हा कुणाची भीडभाड ठेवायचं कारण उरलेलं नाही.

किट मॅनेजर म्हणजे काय ते आधी सांगते. खेळाडूच्या अंगावर जे जे असतं ते धुवायचं, वाळवायचं, फाटलं तर शिवायचं, त्यावर नंबर आणि स्पॉन्सरचा शिक्का चिकटवायचा, ट्रंकांत भरायचं आणि सामन्याच्या दिवशी ज्याच्या त्याच्या खुंटीला टांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ही धष्टपुष्ट मुलं चिखलाचे मोजे उलटे काढतात, त्यांचा गोळा करतात आणि भिंतीवर फेकून मारतात. एका डिफेंडरला लकी मोजे धुतलेले चालत नसत. ते मी गपचूप धुवायचे आणि वरून थोडी माती लावून ठेवायचे. तो सीझनभर छान खेळला, श्रेय मोज्यांना मिळालं.

या धंद्यात मी कशी पडले? कोथरूडला मी पिको-फॉल करायचे. आमच्या ह्यांना इंजिनियरची नोकरी लागली म्हणून मेलबर्नच्या डँडेनॉन्ग भागात आलो. तिथे फॉस्टर स्ट्रीटवर एका दुकानात मी बसून लोकांचे ब्लाउज सैल करायचे, कारण इथलं दूध चांगलं आहे. एका सकाळी क्लबचा माणूस गोलकीपरची फाटलेली विजार घेऊन आला. "कॅन यू फिक्स इट बाय धिस आर्वो?" म्हणाला. आर्वो म्हणजे दुपार. मी दहा मिनिटांत रफू करून दिली. पुढच्या आठवड्यात तो चौदा विजारी घेऊन आला, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात मलाच घेऊन गेला.

आता कामातलं एक गुपित. मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, काढलं की ते सगळ्यात आधी किट मॅनेजरला कळतं, त्याच्या बायकोच्याही आधी. क्लबच्या कपड्यांवर प्रत्येकाच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं असतात. ऑफिसातून फोन येतो, "वी, त्याची अक्षरं काढ." वी म्हणजे मी. वैजयंती म्हणायला इथल्या लोकांना दम लागतो. मी कितीतरी मॅनेजरांची अक्षरं काढली. ही अक्षरं मशीनवर चिकटवलेली असतात, गरम इस्त्री फिरवली की निघतात. माणसंही तशीच निघायची, नो वरीज म्हणत.

मग इटलीहून आमचा नवा मॅनेजर म्हणून मिस्टर आला. त्याचं नाव इथे छापत नाही, कारण दुसऱ्याच्या लेखात स्वतःचं नाव आलेलं त्याला खपणार नाही. स्वतःच्या लेखात मात्र त्याला फक्त स्वतःचंच नाव लागेल. इटलीत प्रशिक्षकाला सगळे 'मिस्टर' म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. तो तिकडे स्ट्रायकर होता. स्ट्रायकर म्हणजे पुढे उभा राहून गोल मारणारा. बाकीचे दहा जण राबतात आणि हा शेवटची लाथ मारून हात पसरून पळतो. आमच्या घरात लग्नकार्याला थोरले दीर असेच असतात.

"मिस्टर, तुम्ही कधी पास द्यायचात की नाही?" मी एकदा विचारलं.

"पास?" तो मी शिवी दिल्यासारखा दचकला. "सिन्योरा, पास देतो तो वेटर. मी जेवायला आलेला असायचो."

खेळणं संपल्यावर तो मॅनेजर झाला आणि त्याची गंमत संपली. आयुष्यभर ज्यानं फक्त स्वतःच्या पायाचा विचार केला, त्याला बावीस पायांचा विचार करायला बसवलं. एका क्लबनं त्याला काढलं, मग दुसऱ्यानं काढलं. पण इटलीत एक अजब रीत आहे. मॅनेजरला हाकलतात, तरी त्याचा पगार चालू असतो. नवा माणूसही हरायला लागला की मालक म्हणतो, फुकट पगार देतोच आहोत, तर बोलवा त्या पहिल्यालाच. मग फोन येतो, आणि हाकललेला माणूस त्याच खुर्चीत, तोच कोट घालून परत येऊन बसतो. मिस्टरला असं दोनदा परत बोलावलं होतं. ते तो दोन वर्ल्ड कप जिंकल्याच्या थाटात सांगायचा.

"फोन येतो, सिन्योरा. फक्त बॅग उघडायची नाही आणि कोट धुऊन ठेवायचा."

आल्या दिवशीच त्यानं मला बजावलं की त्याची अक्षरं चिकटवायची नाहीत, हातानं शिवायची. इटलीत एकदा त्याच्या जॅकेटवरचं चिकटवलेलं अक्षर धुण्यात पडलं आणि त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली. मी मनात म्हटलं, बाबा, नोकरी हरल्यामुळे गेली असेल. पण शिवली. निळ्या जाड जॅकेटवर छातीपाशी पिवळ्या रेशमानं दोन अक्षरं, साखळी टाक्यात. पैठणीच्या पदराला शोभेल असं काम होतं, आणि कॅमेऱ्यात ते छान दिसायचं.

त्याची दुसरी खोड म्हणजे 'रितीरो'. संघ हरला की सगळ्यांना उचलून गावाबाहेरच्या हॉटेलात कोंडायचं. बायको नाही, बिअर नाही, सकाळ-संध्याकाळ सराव आणि आत्मचिंतन. ऑस्ट्रेलियन मुलांना आत्मचिंतन म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. "मिस्टर, माझ्या कुत्र्याला कोण बघणार, मेट?" असं म्हणत बचावफळीतला एक सेंटर-बॅक अक्षरशः रडला होता. प्लेयर्स युनियनची पत्रं आली आणि मिस्टरचा रितीरो बंद पडला. मग करोना आला आणि सरकारनं अख्ख्या देशालाच रितीरोत घातलं. मिस्टरइतका समाधानी माणूस त्या काळात मी दुसरा पाहिला नाही.

मेलबर्न बंद झालं तेव्हा उरलेला सीझन सिडनीत खेळायचं ठरलं. सगळा संघ पॅरामॅटाच्या एका हॉटेलात. बाहेर पडायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. हे आणि लेक ईशा मेलबर्नला घरात कोंडलेले, मी इथे तळघरातल्या लॉण्ड्रीत. हॅरिस पार्क, आपल्या लोकांची वस्ती, हाकेच्या अंतरावर. वरच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून मिठाईच्या दुकानाची पाटी दिसायची, पण जायची बंदी. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिक्षा तीच.

सामने रिकाम्या स्टेडियममध्ये व्हायचे. आता रिकाम्या स्टेडियमची खोड अशी की सगळं ऐकू येतं, आणि मैदानाकडेला टीव्हीवाल्यांचे माईक असतात. एरवी मिस्टर काय ओरडतो ते कुणाला कळत नसे. एका सामन्याला सबंध स्टँडमध्ये एकच माणूस बसला होता, आमचे चेअरमन. चेअरमन टाइल्सचे व्यापारी, आईबाप इटलीचे. त्यांना वाटायचं की टाइल विकणाऱ्याला फुटबॉल आपोआप कळतो. ते मागून ओरडत होते, "शूट! आता शूट कर! त्याला बाहेर काढ!" मिस्टरनं बराच वेळ सहन केलं. मग तो वळला आणि त्यानं त्यांना त्यांच्या टाइल्स नेमक्या कुठे बसवायच्या ते खणखणीत इटालियनमध्ये सांगितलं, हातवाऱ्यांसकट. मेलबर्नमधली प्रत्येक इटालियन आजीबाई त्या वेळी घरात टीव्हीसमोर होती. चेअरमनच्या मातोश्रीही होत्या.

दुसऱ्या दिवशी झूमवर मिस्टरला काढलं. चेअरमनचा माईक म्यूट होता, त्यामुळे त्यांना पुन्हा पहिल्यापासून काढावं लागलं.

गंमत तिथेच संपली. काढलं, पण जायचं कुठे? मेलबर्नची सीमा बंद, इटलीची विमानं बंद. मिस्टरला त्याच हॉटेलात चौथ्या मजल्यावर एकटं ठेवलं. संघाला भेटायचं नाही. आणि मला त्याचं खरं दुखणं ठाऊक होतं. एकदा तो बोलून गेला होता, "माझं वय झालं, सिन्योरा. ऑस्ट्रेलियानंसुद्धा हाकललं असं तिकडे कळलं, तर मला परत कोण उभं करणार?" म्हणजे इथून परत बोलावणं आलं तरच त्याचं काहीतरी शिल्लक राहणार होतं. आणि या देशात हाकललेल्याला परत बोलवायची रीतच नाही. इथे केक कापून निरोप देतात आणि लॉकरचं कुलूप बदलतात.

जॅकेट माझ्याकडे होतं, सामन्यानंतर धुवायला आलेलं. जनरल मॅनेजर जॅरड खाली आला. तिशीतला मुलगा, दाढी कोरलेली, 'कल्चरल सेफ्टी'चं, म्हणजे दुसऱ्यांच्या चालीरीती जपण्याचं, प्रशिक्षण ताजं ताजं घेतलेला.

"वी, अक्षरं काढ आणि जॅकेट डॅमोला दे."

डॅमो म्हणजे असिस्टंट कोच. मिस्टरच्याच हाताखाली खेळून तयार झालेला, भला माणूस. आता तो संघ सांभाळणार होता. त्याच्यासाठी दुसरं जॅकेट नव्हतं. माल मेलबर्नच्या गोदामात आणि गोदामाला कुलूप. टीव्हीवर स्पॉन्सरचं मोठं जॅकेट दिसायलाच हवं, आणि त्यावर जुनी अक्षरं दिसता कामा नयेत, असा चेअरमनचा हुकूम.

मी कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशी नागपंचमी होती. आमच्या आईकडे नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, सुईदोऱ्याला हात लावायचा नाही. तिथपर्यंत मी शंभर टक्के खरं बोलले.

"आज नाही जमणार, जॅरड. आमचा सण आहे. आज कात्री धरली तर नागाला इजा होते."

त्यानं हात जोडले. खरंच जोडले. "ॲब्सोल्यूटली. थँक यू फॉर शेअरिंग दॅट."

मी मनात म्हटलं, अगबाई, हे तर फारच सोपं आहे.

डॅमो पुढच्या सामन्याला सरावाचं पिवळं बिब, म्हणजे बिनबाह्यांची बंडी, घालून उभा राहिला. रस्ता खोदणाऱ्या मुकादमासारखा दिसत होता. आम्ही हरलो. जॅरड पुन्हा आला. मी म्हटलं, शीतळा सप्तमी, त्या दिवशी गरम काहीच करायचं नाही, तर इस्त्री कशी फिरवू? शिवलेल्या अक्षरांना इस्त्री लागत नाही हे त्याला कुठे ठाऊक! मग श्रावणी सोमवार, मग मंगळागौर. पुढे नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी. सण सगळे खरे होते, त्यांचे नियम तेवढे माझे. एकदा त्यानं बिचाऱ्यानं अभ्यास केला. "वी, इंटरनेटवर म्हणतात की श्रावण कधीच सुरू झाला, मग संपायला नको का?"

"ते उत्तरेकडचं. आमचा महिना पंधरा दिवस उशिरा सुरू होतो," मी म्हटलं. आणि हे मात्र देवाशपथ खरं आहे.

"मग मीच कापू का?"

"काप की. पण बाईनं शिवलेलं दुसऱ्यानं उसवलं तर घरावर काय येतं ते मी तुला सांगणार नाही. तुझं नुकतंच लग्न झालंय."

तो लिफ्टनं न जाता जिन्यानं पळाला.

व्हिडिओ कॉलवर ईशा हे ऐकत होती. "आई, दॅट्स नॉट इव्हन अ थिंग! यू आर मेकिंग इट अप!"

"गप गं. तुझ्या शाळेत दिवाळीला तुम्ही समोसे तळता, ते तरी कुठे शास्त्रात आहे?"

मागून हे म्हणाले, "अगं, नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. माझी अक्षरं कुणी शिवलीच नाहीत, उसवणार काय?"

मी हे का करत होते? रोज दुपारी चौथ्या मजल्यावरून लॉण्ड्रीत फोन यायचा, म्हणून. एकच प्रश्न.

"सिन्योरा, माझं जॅकेट?"

"वाळतंय, मिस्टर."

"ब्राव्हा." आणि फोन ठेवायचा.

सिडनीची थंडी कोरडी असते. जाड जॅकेटसुद्धा एका दिवसात खणखणीत वाळतं. माझ्याकडे ते आठवडेच्या आठवडे वाळत होतं. तो विचारायचा, मी सांगायचे, त्याला वाटायचं की आपलं नाव अजून जागेवर आहे, अशी माझी समजूत. वर चेअरमनकडून काही हालचाल नाही. संघ हरतोय, बरोबरी करतोय, डॅमोचं बिब बघून आमचेच खेळाडू हसतायत. मला खरंच वाटायला लागलं होतं की आणखी एक-दोन सण रेटले तर येईलही फोन. माणूस दुसऱ्यासाठी खोटं बोलायला लागला की आधी स्वतःच त्यावर विश्वास ठेवतो.

शेवटचा सामना आला. जिंकलो तर बाद फेरीत, नाहीतर घरी. आदल्या दिवशी सकाळी मी लॉण्ड्रीत मोजे जोडत बसले होते. दार वाजलं. बाहेर मिस्टर, मास्क लावून, कायद्यानं हवा तेवढा लांब उभा. दाढी वाढलेली. स्ट्रायकर म्हातारा झाला की फार म्हातारा दिसतो.

"आज कुठला सण, सिन्योरा?"

"पोळा," मी म्हटलं. मी तो त्या दिवसासाठी राखूनच ठेवला होता. "आज बैलांना काम सांगत नाहीत."

"जॅरडनं मला सगळे सण सांगितले. त्याच्या फोनमध्ये आहेत, रिमाइंडर लावून." तो दाराला टेकला. "एवढे सण असते तर तुमच्या देशात कुणी कामच केलं नसतं."

"एवढे आहेतच. आणि कुणी करतही नाही."

तो हसला. मग म्हणाला, "उसवा."

मी मोजे जोडत राहिले.

"डॅमो चांगला मुलगा आहे. पण पिवळं बिब घातलेल्या माणसाचं कोण ऐकणार? मी पण नसतं ऐकलं. उद्या त्याला जॅकेट पाहिजे. उसवा, सिन्योरा."

"आणि फोन आला तर? चेअरमनचा?"

"नाही येणार. इथे नाही येत. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

आता मात्र माझा पारा चढला. इतके दिवस मी देवाधर्माच्या नावानं वाट्टेल ते बोलले, नागोबाला कामाला लावलं, आणि ह्याला माहीत होतं!

"मग रोज जॅकेटचं कशाला विचारत होता हो?"

त्यानं खांदे उडवले. "तुम्ही रोज 'वाळतंय' म्हणायचात. बरं वाटायचं."

मला रडू आलं. सरळ सांगते, मास्क ओला होईपर्यंत रडले. तो बावचळला. हातवारे करायची सवय असलेल्या माणसाला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग तो आत आला, खुंटीवरून जॅकेट काढून टेबलाच्या त्या टोकाला बसला आणि त्यानं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. नियम मोडला, पण तिथे बघायला कोण होतं? छोट्या कात्रीनं मी एकेक टाका उचलत गेले. साखळी टाका एका टोकानं सुटला की सरसर येतो. पिवळं रेशीम टेबलावर जमत होतं.

अक्षरं निघाली तिथे कापड गडद दिसत होतं, कारण बाकीचं जॅकेट उन्हानं विटलं होतं.

"आता त्याची शिवा. हातानं," तो म्हणाला. "चिकटवलेली धुण्यात पडतात."

"मिस्टर," मी नाक पुसत म्हटलं, "हा पास झाला."

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला.

मी सांगितलं नव्हतं, आज सांगतेय.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकलो असं लिहायला मला आवडलं असतं. बरोबरी झाली, जी आमच्या काही कामाची नव्हती. पण डॅमो जॅकेट घालून उभा राहिला तेव्हा कुणी हसलं नाही. बाह्या लांब होत्या, त्यानं त्या दुमडल्या. एकदा तो ओरडला आणि आमचा स्ट्रायकर चक्क धावला. चौथ्या मजल्यावरच्या टीव्हीचा आवाज म्हणे त्या वेळी रिसेप्शनपर्यंत येत होता, इटालियनमध्ये.

विमानं सुरू झाली तशी मिस्टर गेला. डॅमोनं ते जॅकेट पुढे दोन सीझन घातलं, आणि मग एका सकाळी मला फोन आला, "वी, त्याची अक्षरं काढ." त्या दिवशी पंचांगात काहीच नव्हतं. मी काढली, आणि त्याच महिन्यात राजीनामा दिला.

गेल्या दिवाळीत फराळाचं करत होते, हात चकलीच्या पिठात, आणि मिस्टरचा व्हिडिओ कॉल आला. दाढी पांढरीशुभ्र. समुद्राकाठच्या एका खेड्यातल्या संघाला शिकवतो म्हणाला, पाव विकणारा गोलकीपर आणि पोस्टमन डिफेंडर. पगार नाही, म्हणून काढायचा प्रश्न नाही. अंगात साधं निळं जॅकेट होतं, छातीवर काहीच नव्हतं.

"तुमची अक्षरं कुठायत?" मी विचारलं.

"इथे कोण शिवणार? मशीनसुद्धा नाही."

"पाठवून द्या इकडे. मी शिवते."

तो कॅमेऱ्याजवळ आला. माझ्यामागे आकाशकंदील लागला होता, तो त्याला दिसला.

"पण आज सण आहे ना, सिन्योरा? सुई चालते?"

"दिवाळी आहे," मी म्हटलं. "दिवाळीला चालते."